डावीकडचं घड्याळ

विमान डावीकडे ओढतं आणि दोष माझ्या पायमशीनचा आहे, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होते. तोंडात दोन टाचण्या होत्या, म्हणून लगेच उत्तर देता आलं नाही.

"अठ्ठावीस वर्षं त्या मशीनवर सरळ शिवण घातलीय मी," टाचण्या काढून मी म्हटलं. "त्याला वाकडं चालायची खोड असती तर या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या बाह्या तिरक्या असत्या."

"अगं, शिवण वेगळी, विमान वेगळं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

हे हसले. पडद्यावर त्यांचं विमान धावपट्टीच्या डाव्या बाजूच्या गवतात नाक खुपसून पडलं होतं. त्या दिवसातलं तिसरं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

हे शाळेची व्हॅन चालवतात. सकाळी नऊ मुलं शाळेत सोडायची, दुपारी तीच नऊ घरी आणायची. मधले पाच-सहा तास मोकळे. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली, आणि ह्यांच्या डोक्यात लहानपणापासून दबा धरून बसलेलं विमानाचं वेड बाहेर आलं. खऱ्या विमानात आम्ही दोघं एकदाच बसलोय. तेव्हा हे सबंध वेळ खिडकीतून पंखाकडे बघत होते, आणि पंखाची फळी वर-खाली झाली की माझ्या हातावर चापट मारत होते, जशी काही ती ह्यांनीच हलवली.

घरातलं विमान जुळवून दिलं भावजींनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाने. त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही. "वहिनी, कमी पैशात विमान घ्यायचं तर आधी काय काय घ्यायचं नाही त्याची यादी करायची," ते म्हणाले. नवा मॉनिटर घ्यायचा नाही, खुर्ची घ्यायची नाही, आणि सगळ्यात नवा प्रोग्राम तर मुळीच घ्यायचा नाही, कारण तो आपल्या कॉम्प्युटरला झेपणार नाही, त्याची छाती फुटेल. जुना प्रोग्राम फुकटात मिळाला. जॉयस्टिक भावजींच्या दुकानातल्या भंगाराच्या खोक्यातून आली, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पुठ्ठ्याचा बोर्ड मी कापला, त्यावर कोटाची बटणं शिवून दिली. ती फिरतही नाहीत, पण हे उड्डाणाआधी प्रत्येकाला हात लावतात.

राहिलं पायाचं. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला पायाखाली दोन पायडल लागतात आणि ती विकत घ्यायला गेलं तर कॉम्प्युटरपेक्षा महाग. मी विजेचं मशीन घेतल्यापासून माझं पायमशीन गॅलरीत कुंड्या डोक्यावर घेऊन उभं होतं. भावजींनी त्याची लोखंडी जाळी काढली, आडवी फिरवून टेबलाखाली बसवली, आणि तिच्या आसाला एका मेलेल्या रेडिओचं आवाजाचं बटण जोडलं. डावा पाय दाबला की नाक डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा दोघं भाऊ साठीला टेकलेले असूनही एकमेकांच्या पाठीवर बुक्के मारत होते.

मी सहवैमानिक झाले ते यादी वाचण्यापुरती. पंखाच्या फळ्या? वर. इंधन? पुरेसं. हे मग त्या बटणांना हात लावणार. आणखी एक गोष्ट ह्यांनी मला शिकवली. विमान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना तोंडाने बोलायचं. देणारा म्हणतो, "विमान तुझ्याकडे." घेणारा म्हणतो, "विमान माझ्याकडे." तोवर सोडायचं नाही. दोघांना वाटलं दुसऱ्याने धरलंय, की संपलं. हे चहा घ्यायला उठायचे तेव्हा मला असं रीतसर विमान द्यायचे आणि मी एका हातात कात्री धरून आभाळ सांभाळायची.

पडद्यावर खालच्या भागात सहा गोल घड्याळं असतात. वरच्या ओळीत उजवीकडे उंचीचं, डावीकडे वेगाचं. उंची ह्यांना नेहमी बरोबर सांगता यायची. वेग मात्र हमखास हुकायचा. खाली येताना वेग पडत जायचा, पडत जायचा, इशाऱ्याची पिपाणी वाजायची, आणि हे म्हणायचे, "आता काय झालं ह्याला?" तोवर विमान दगडासारखं खाली.

भावजींना पुन्हा बोलावलं. त्यांनी टेबलाखाली आडवं होऊन सगळं तपासलं आणि केसांत जळमटं घेऊन बाहेर आले.

"दादा, पायडल ठणठणीत आहे."

"मग ते वेगाचं घड्याळ मधूनमधून बंद पडतं."

"कॉम्प्युटरमधलं घड्याळ बंद कसं पडेल? त्याला काय चावी देतोस?"

"मग जॉयस्टिक असेल. भंगारातली ती."

"असेल," भावजी म्हणाले. "भंगाराची खात्री मी कशी देऊ?"

हीच तर गोम होती. घरातली एकूण एक वस्तू कुणाची तरी टाकून दिलेली, त्यामुळे संशय घ्यायला वस्तूंची कमी नव्हती. आज पायडल, उद्या जॉयस्टिक, परवा मॉनिटर. सगळं नवं कोरं असतं तर आठवडाभरात आमचं बोट योग्य जागी गेलं असतं.

पण मला माझ्या मशीनचा अपमान झोंबला होता. सोमवारी हे पावणेतीनला मुलं आणायला गेले आणि मी शिवण बाजूला ठेवून त्यांच्या खुर्चीत बसले. म्हटलं, बघूच. विमान वर नेलं. उतरवणं मला कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं, पण इतके दिवस यादी वाचून आणि ह्यांच्या चुका बघून डोक्यात बसलं होतं. डावीकडच्या घड्याळात काटा पासष्टवर ठेवायचा, बस. तो ढळला की नाक जरा खाली. पायाखालची जाळी ओळखीची. विमान धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर टेकलं. जरा आपटलं, पण सरळ. दुसऱ्यांदा केलं, सरळ. तिसऱ्यांदा हात-पाय दोन्ही सोडून दिले, तरी ते विमान स्वतःच्या मनाने सरळ चालत राहिलं, डावीकडे तसूभरही ओढलं नाही.

मला इतका आनंद झाला. आता येऊ देत घरी, म्हटलं, नाक घासायला लावते. तेवढ्यात खाली व्हॅनचा आवाज आला आणि मी गॅलरीत जाऊन वाकले.

व्हॅन कुंपणाला लागून उभी राहत होती. डावा आरसा मिटलेला होता, मागच्या महिन्यात कुणीतरी धडक दिली म्हणून. डाव्या दाराखाली लांब ओरखडा होता, तो बाजारात उभी असताना कुणीतरी मारला म्हणून. डाव्या बंपरचा कोपरा चेपलेला, तो कसा ते आम्हाला कळलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं ह्यांच्या गाडीला चरा नव्हता, आणि दोन महिन्यांत जगातल्या सगळ्या आंधळ्या लोकांनी येऊन नेमकी डावीच बाजू गाठली होती.

माझ्या डोळ्यांसमोर व्हॅनचं चाक डाव्या बाजूच्या दगडावर चढलं आणि धपकन खाली आलं.

गॅलरीचा कठडा मी घट्ट धरला. पावणेदोन महिन्यांपूर्वी हे एकदा दुपारी डोकं धरून घरी आले होते, ऊन लागलं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झोपले होते. त्यानंतरच चहाचा कप डावीकडे ठेवला की निवून जायला लागला होता. मी ओरडायची, "समोर ठेवलाय, दिसत नाही का?" समोर. डावीकडे. दिसत नाही का.

हे वर आले, चपला काढल्या. "काय गं, अशी का उभी?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा टाकते."

मला खात्री करायची होती. खरं सांगायचं तर मला खात्री करायची नव्हती, माझं चुकलंय हे कळायला हवं होतं. मंगळवारी सकाळी मी एक मोठं लाल बटण घेतलं, कोटाचं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं, आणि ते पडद्याच्या डाव्या कडेला चिकटवलं. हे येऊन बसले. बटणाबद्दल अवाक्षर नाही. उडाले, फिरले, गवतात पडले. मी फडकं घेऊन पडदा पुसण्याच्या निमित्ताने पुढे झाले आणि बटण चार बोटं आत सरकवलं.

"आज फार स्वच्छता चाललीय," हे म्हणाले.

"धूळ बसते."

दुसरी फेरी. लाल बटण आता बरोबर वेगाच्या घड्याळावर होतं, काटा पूर्ण झाकलेला. हे म्हणाले, "बघ, आज वेग बरा वाटतोय." हातातलं फडकं मी उगाच पिळत होते, ते कोरडं होतं तरी. पुन्हा चार बोटं. तिसरी फेरी. हे मान पुढे काढून, ओठ मुडपून, शाळकरी मुलासारखे पडद्याकडे बघत होते, आणि ते बटण पडद्यावर रक्ताच्या थेंबासारखं बसलं होतं, आणि ह्यांच्यासाठी ते नव्हतंच. आणखी चार बोटं. जवळजवळ मधोमध आलं तेव्हा हे दचकले.

"हे काय? बटण कधी चिकटवलंस?"

"आत्ताच," मी म्हटलं.

तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना बऱ्याच थापा मारल्यात, साड्यांच्या किमतींपासून सुरुवात करून. इतकी भेकड थाप एकही नव्हती.

भिंतीवर अडीच वाजले होते. बोलायचं तर आत्ताच. पण काय बोलू? तुमचं अर्धं जग गेलंय आणि तुम्हाला पत्ता नाही? हे उठले, विमान हवेत होतं तसंच थांबवून ठेवलं, किल्ली उचलली. नऊ मुलं शाळेच्या दारात उभी राहणार होती.

"मी येते आज," मी म्हटलं.

"कशाला?"

"दोरे आणायचेत."

पुढची डावी जागा चिमणीची. वय सात, आवाज सत्तरचा. मला तिथे बसलेलं बघून ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काकू, ही माझी जागा आहे. काकांना विचारा."

"आजच्या दिवस मागे बस गं राणी."

"फक्त आजच हं."

पहिल्याच वळणावर डावीकडून सायकल आली, दुधाच्या कॅनसारखं काहीतरी लटकवलेली. हे सरळ तिच्या अंगावर. "डावीकडे सायकल!" मी ओरडले. ब्रेक लागला. सायकलवाला शिव्या देत गेला.

"दिसली होती मला," हे म्हणाले.

दिसली नव्हती. पाय माझ्या आवाजानंतर हलला, हे मी बघितलं होतं. मग मी सगळंच सांगायला लागले. डावीकडे खांब. डावीकडे बाई, हातात पिशवी. डावीकडे कुत्रं. मुलांना वाटलं खेळ आहे. मागून सुरू झालं, "डावीकडे झाड! डावीकडे दुसरं झाड! डावीकडे चिमणीचं नाक!" हसण्याचा कल्लोळ. हेही हसत होते. मी नजर रस्त्याच्या डाव्या कडेवरून हलवली नाही.

शेवटचं मूल उतरलं तेव्हा माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. दोरे घ्यायचं मी विसरले आणि ह्यांनी आठवण करून दिली नाही.

बुधवारी सकाळी मी पुन्हा जाऊन बसले, दुपारी पुन्हा. तेव्हाच का नाही सांगितलं, असं पुढे मला विचारणारे पुष्कळ भेटले. सांगते. मी डावीकडे बसलेय तोवर काही होत नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. व्हॅन म्हणजे ह्यांची ऐट होती. गल्लीतल्या कुणाच्याही गाडीतून जरा वेगळा आवाज आला की लोक ह्यांना विचारायला यायचे. तेही गेलं तर हे दिवसभर काय करणार, त्या खुर्चीत बसून गवतात पडणार? झाकली मूठ झाकलेली राहू दे, दोन दिवस, चार दिवस, मग बघू. रात्री मुलीला फोन लावला आणि तिच्याकडे पाऊस आहे का विचारून ठेवून दिला.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिने माझी झोप उडवली. बुधवारपासून हे प्रत्येक थांब्यावरून गाडी हलवण्याआधी मला विचारायला लागले.

"डावी?"

"मोकळी," मी म्हणायची. मग गाडी हलायची.

ह्यांनी यापूर्वी कधी कुणाला विचारलं नव्हतं. नजर समोर, आवाज अगदी सहज, यादीतलं काहीतरी वाचल्यासारखा. डावी? मोकळी. दोघांनीही त्यावर दुसरा शब्द काढला नाही. म्हणजे मूठ एकटीची नव्हती, दोघांनी मिळून झाकली होती.

गुरुवार. दुपारची फेरी. चिमणीचं घर तिसरं. फाटकासमोर गाडी थांबली, मधलं सरकतं दार उघडलं, ती उतरली. तेवढ्यात मागच्या बाकावर एकाचं दप्तर दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकलं आणि दोघं एकमेकांचे कान ओढायला लागले. मी मागे वळून तो पट्टा सोडवत होते. कापडी पट्टा, दुहेरी गाठ. अशा गाठी सोडवण्यात माझी हयात गेली.

"डावी?" हे म्हणाले.

"मोकळी," मी म्हटलं.

बघितलं नाही. तोंड आपोआप बोललं. दोन दिवसांत त्याला सवय लागली होती.

गाडी हलली. गाठ सुटली, मी मान वळवली, आणि समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, डाव्या चाकापुढे, पिवळ्या रिबिनीचं एक टोक दिसलं.

"थांबा!"

मी कसल्या आवाजात ओरडले मला माहीत नाही. पुढे पाच दिवस घसा बसला होता. ब्रेक लागला. खाली काहीतरी कडकन फुटलं. मग काहीच नाही. मी दार उघडत होते आणि माझा हात दाराच्या कडीवरून घसरत होता, पुन्हा घसरत होता, आणि त्या दोन-तीन क्षणांत मी जे जे बघितलं ते लिहिणार नाही.

रिबीन वर आली. रिबिनीखाली चिमणी आली. एका हातात बाटलीचं झाकण.

"काकू," ती म्हणाली, "माझी बाटली मोडली. झाकण पडलं होतं ना, तेच घेत होते. काका थांबलेच नाहीत." मग माझा चेहरा बघून ती रडायला लागली.

मी तिला पोटाशी धरलं. चाकाखाली निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे आणि पाण्याचा ओघळ. तिला फाटकाच्या कठड्यावर बसवलं आणि मी गाडीच्या खिडकीशी आले.

ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. चेहरा राखेसारखा.

"तू मोकळी म्हणालीस."

"म्हणाले. मी बघितलं नव्हतं."

"मी बघितलं," हे म्हणाले. "तुला विचारून मीही बघितलं. मला मोकळीच दिसली."

"तुम्हाला तिकडचं दिसत नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, "काकू, काय झालं?"

"कधीपासून माहीत आहे तुला?" ह्यांनी मला विचारलं.

"मंगळवारपासून. तुम्हाला?"

"ते डोकं दुखलं ना, तेव्हापासून काहीतरी चुकतंय," हे म्हणाले. "वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. मग वाटलं, जॉयस्टिक असेल."

इंजिन चालू होतं. ह्यांचा पाय अजून ब्रेकवर होता आणि गुडघा थडथड उडत होता. मला भीती वाटली की हा पाय आता निसटेल. मी खिडकीतून हात आत घातला, किल्लीवर ठेवला.

"गाडी माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुला चालवता येत नाही."

"थांबवता येते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, म्हणून मी पूर्ण दिसत असणार. मग स्टिअरिंगवरचं एक बोट सुटलं, दुसरं सुटलं, आणि एकेक करत दोन्ही हात मांडीवर आले.

"गाडी तुझ्याकडे," हे म्हणाले.

मी किल्ली फिरवली. आवाज बंद झाला.

चिमणीची आई तोवर फाटकात आली होती, मी वळसा घालून तिच्यापाशी गेले. पोर रडताना बघून तिने तिला उचललं, गाडीखालचे निळे तुकडे बघितले आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड पुन्हा आपोआप सुरू झालं. "अहो, जरा गाडीत बिघाड झालाय, म्हणून—"

"गाडी ठीक आहे," हे मागून म्हणाले. ते उतरून, बॉनेटला हात लावत लावत, पुढून फिरून आले होते. "ताई, मला डावीकडचं दिसत नाही. तुमची मुलगी चाकापुढे होती, मला दिसली नाही. उद्यापासून मी गाडी चालवणार नाही."

मुलीचं डोकं तिने खांद्यावर घट्ट दाबून धरलं, इतकं की चिमणी कुरकुरली. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तीन दिवस," मी म्हटलं.

"आणि तुम्ही शेजारी बसून..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. फाटक लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

उरलेल्या सहा मुलांना आम्ही चालत घरी नेलं. दोन-दोनच्या जोड्या, हातात हात, दप्तरं पाठीला. मी ह्यांच्या डाव्या बाजूला, कोपराला धरून. मुलं एरवी रस्ताभर चिवचिवतात, त्या दिवशी पावलांचाच आवाज. एकदाच सगळ्यात धाकट्याने हळूच म्हटलं, "डावीकडे खांब," आणि हे खरंच उजवीकडे सरकले.

सहा दारं. प्रत्येक दारात मी बोलायला तोंड उघडायची आणि प्रत्येक दारात हे आधी बोलायचे. तेच वाक्य, त्याच आवाजात. मला डावीकडचं दिसत नाही. एका आजोबांनी ह्यांना पाणी दिलं. एका बापाने दार आपटलं. एक बाई म्हणाली, "अरे देवा, आता उद्या कोण नेणार?" आणि मग स्वतःच जीभ चावली. शेवटच्या दाराशी ह्यांचा आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं.

व्हॅन भावजींनी आणून लावली. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टरीणबाईंनी दोन-चार प्रश्न विचारले. डोकं कधी दुखलं, किती दुखलं, हाताला मुंग्या आल्या का. मग त्या म्हणाल्या, डोळ्यांचं नसावं, डोक्यातलं असावं, मेंदूतली एखादी बारीक शीर तेव्हाच बंद झाली असेल. उद्या सकाळी आठला सगळ्यात आधी घेते. रात्रीत डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय जड झाले तर वाट बघू नका, लगेच आणा. मी ते सगळं शिवणाच्या वहीत मापांच्या खाली लिहून घेतलं.

भावजी जाताना टेबलाखालच्या जाळीकडे बघत उभे राहिले. नेहमीची वटवट नाही. "वहिनी, मी दोनदा तपासलं होतं," एवढंच म्हणाले. "मी वस्तूच तपासत बसलो."

"मीही," मी म्हटलं.

घरात पडद्यावर विमान दुपारी सोडून गेलो होतो तसंच हवेत थांबलेलं होतं. खाली हिरवं-तपकिरी रान, समोर लांबवर धावपट्टीची रेघ. हे येऊन खुर्चीत बसले. जॉयस्टिकला हात लावला नाही.

"ते घड्याळ कुठे आहे, दाखव बरं."

मी मागे उभी राहिले. गळ्याचं माप घेताना धरते तशी ह्यांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा हळूहळू डावीकडे वळवला. आणखी. आणखी. नजर पुठ्ठ्यावरून, कोटाच्या बटणांवरून सरकत गेली.

"हं," हे म्हणाले. "दिसलं."

"काटा किती?"

"पंचेचाळीस." हे जरा वेळ बघत राहिले. "फारच कमी गं. हे तर पडणारच होतं."

मी हनुवटी सोडली. मान पुन्हा सरळ झाली आणि मी बघितलं, काटा ह्यांच्यासाठी पुन्हा नाहीसा झाला. मला उद्याच्या आठ वाजण्याची भीती वाटत होती, आणि त्याआधीच्या रात्रीची त्याहून जास्त. ह्यांच्या प्रत्येक श्वासाकडे माझे कान लागले होते.

मी स्टूल ओढून ह्यांच्या शेजारी बसले. सवयीने डाव्या बाजूला.

"कुठे गेलीस?" हे घाबरून म्हणाले.

"इथेच आहे."

हे मान वळवायला लागले. थोडी, मग आणखी थोडी, थेट खांद्यापर्यंत, मी सापडेपर्यंत.